सापडलं तसं फाटक

४ जून, रविवार

ही वही मी हौसेने लिहीत नाही, पुरावा म्हणून लिहिते आहे. सप्टेंबरातल्या दुसऱ्या रविवारी आम्ही तिघं हिस्सेदार जेवणाच्या टेबलाशी बसू, तेव्हा मला काही बोलावं लागणार नाही. ही पानं बोलतील.

तिघं म्हणजे माझा थोरला भाऊ लिओ, धाकट्या एमेटच्या माघारी त्याची मुलगी टेस, आणि मी, ऑनोरा कॉरिगन, वय एकाहत्तर. कॉरिगनांचा हा गुरांचा रँच एकशे अडतीस वर्षं उभा आहे. त्यातली शेवटची सहा वर्षं टेसने इथे सुट्टीची माणसं आणली आहेत. ती आमच्या घोड्यांवर बसतात, आमच्या गुरांमागून धूळ खात हिंडतात, आणि आपण फार काम केलं अशा समजुतीत घरी जातात. टेस त्यांना पाहुणे म्हणते. पाहुण्याला आपण बोलावतो. ही माणसं जाहिरात वाचून येतात.

टेसचं म्हणणं, ही माणसं बंद केली तर वरचं कुरण विकावं लागेल. माझं म्हणणं, बाबांनी नुसत्या गुरांवर तीन मुलं वाढवली आणि त्यांतली एक कॉन्व्हेंटमध्ये ठेवली. लिओचं म्हणणं काहीच नाही. "नोरा जिकडे तिकडे मी," तो म्हणाला, "माझी कंबर दुखतेय." म्हणजे निकाल माझ्याच हातात आहे.

जिल्हा कचेरीत मी एकेचाळीस वर्षं जमिनीचे दस्त नोंदवले. खाडाखोड केलेला एकही कागद माझ्या टेबलावरून पुढे गेला नाही. ही शिस्त कॉन्व्हेंटच्या सिस्टर अलॉयसियांची. शाईने लिहायचं, तारीख आधी घालायची, आणि लिहिलेलं पान कधीही फाडायचं नाही, कारण शिवलेल्या वहीतलं एक पान फाडलं की त्याच्या जोडीचं पान आपोआप सुटून येतं. पापाचंही तसंच असतं, असं सिस्टर म्हणायच्या. मी आठ वर्षांची होते. पापाचं मला फारसं काही वाटलं नाही, वहीला मात्र फार जपू लागले.

१८ जून, रविवार

मोसमातली पहिली आठ माणसं आली. सगळ्यांच्या टोप्या नव्या.

घोडे वाटायचं काम एल्रॉयचं. तो आमच्याकडे एकवीस वर्षं आहे. प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारतो, "घोड्यावर बसायची सवय आहे का?" जो 'लहानपणापासून' म्हणतो त्याला डीकन मिळतो. डीकन हा बावीस वर्षांचा भुरा घोडा, चपळाईत पोस्टाच्या पेटीच्या जरा पुढे.

फाटकाचा धडा माझ्याकडे. टेसने तो मला दिलेला नाही, मी घेतला आहे. आवारातल्या फाटकाशी सगळ्यांना उभं करून मी सांगितलं, "फाटक सापडलं तसं ठेवायचं. उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं याला इथे किंमत नाही. ज्याने ते तसं ठेवलं त्याला काहीतरी कारण होतं."

शिकागोच्या एका बाईने शाळेतल्यासारखा हात वर केला. "पण ते कुणाकडून चुकून उघडं राहिलं असेल तर?"

"तर ती चूक त्याची. तुम्ही पुढे जायचं आणि घरी येऊन सांगायचं. शहाणपण करायचं नाही."

मग साखळी लावून दाखवली. बाबांच्या पद्धतीने, दोन वेढे आणि आकडा आतल्या बाजूने, म्हणजे गाय अंग घासायला आली तरी तो निघत नाही. सहा वर्षांत एकाही माणसाला हे जमलेलं नाही. टेस आणि एल्रॉयसुद्धा एकच वेढा घालतात. बोलून बोलून मी थकले.

९ जुलै, रविवार

पुरावा साठतो आहे. मागच्या आठवड्यात एकाने गवताच्या माळ्यावर योगासनं केली आणि मांजराची पिल्लं बिथरली. एका जोडप्याने वासराचं नाव 'कपकेक' ठेवलं. त्याच वेळी ताटात त्याच्या चुलत्याचे तुकडे होते, हे मी त्यांच्या नजरेस आणून दिलं.

माझं एक धोरण आहे. यांना इतकं खरं बोलायचं की ती पुन्हा येणार नाहीत. मंगळवारी मी एका बाईला सांगितलं, "तुम्ही खोगिरावर ओल्या पोत्यासारख्या बसता." तिने ते वाक्य वहीत टिपून घेतलं आणि शनिवारी जाताना पुढच्या वर्षासाठी नाव नोंदवून गेली. या लोकांच्या बुद्धीबद्दल याहून जास्त काय लिहावं?

टेस म्हणाली, "आत्या, तू अशीच राहा हं. काही बदलू नकोस." उशिरा का होईना, पोरीला माझी किंमत कळू लागली आहे.

३० जुलै, रविवार

आज आलेल्यांत हॅडली प्रूइट नावाचा एक इसम आहे, ओहायोचा. सत्तरीचा, उंच, कान प्रमाणाबाहेर मोठे. पियानो जुळवण्याचा धंदा करायचा. वाढदिवसाची भेट म्हणून मुलीने त्याला इथे पाठवलं आहे, तेही दोन आठवड्यांसाठी! सत्तर वर्षांच्या बापाला घोड्यावर पाठवणाऱ्या मुलीच्या मनात काय असेल, हे मी बोलून दाखवलं नाही. जेवताना दाखवलं.

तो म्हणाला, "मीही विमानात तोच विचार करत होतो, मिस कॉरिगन."

एल्रॉयने त्याला विचारलं, "घोड्यावर बसायची सवय?"

"जत्रेतल्या लाकडी घोड्यावर एकदा बसलो होतो. मळमळलं."

सहा वर्षांत खरं उत्तर देणारा हा पहिला माणूस. एल्रॉय गडबडला आणि त्याने त्यालाही डीकनच दिला.

फाटकाच्या धड्याला हा इसम साखळीकडे न बघता माझ्या हातांकडे बघत होता. मी विचारलं, "काय हरवलंय?" तर म्हणे, "काही नाही, तुमची बोटं पियानो वाजवणाऱ्याची आहेत." नऊ वर्षं कॉन्व्हेंटच्या चॅपलमध्ये वाजवला. याला काय करायचं आहे?

२ ऑगस्ट, बुधवार

बैठकीच्या खोलीतला आईचा पियानो जुळवला. मला न विचारता! हा माणूस सुट्टीला येतानाही अवजारांची पिशवी बरोबर आणतो. मी गावातल्या चर्चची मिस्सा आटोपून परत आले तर हा पियानोचं पोट उघडून आत डोकं घालून बसलेला.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही. पण तो शेजारी असताना मला जेवण जाईना."

पस्तीस वर्षं त्या पियानोला कुणी हात लावला नव्हता. नीट लागला की नाही ते बघण्यापुरतं मी संध्याकाळी एक स्तोत्र वाजवलं. मग खात्री करायला आणखी चार. लिओ दारात येऊन उभा राहिला, पाचवं संपल्यावर गेला. कंबर दुखत असणार.

५ ऑगस्ट, शनिवार

प्रूइटबद्दल नोंदी: तो बीन्स तीनदा मागून घेतो. डीकनशी 'अहो' म्हणून बोलतो. गुरांमागे त्याला नेहमी सर्वांत शेवटी ठेवतात, धुळीत. तक्रार करत नाही, म्हणजे आतल्या गाठीचा असणार. आज म्हणाला, आपल्या गाई साधारण एकाच सुरात ओरडतात, फक्त तुटक्या कानाची एकतीस नंबर जरा बेसूर आहे.

ती मार्चच्या हिमवादळात जन्मली. मी तिला स्वयंपाकघरात चुलीपाशी टॉवेलने कोरडं केलं होतं, तेव्हा तिचा कान थंडीने गेला. हे त्याला सांगायची काही गरज नव्हती. सांगितलं.

८ ऑगस्ट, मंगळवार

आजचा पुरावा सर्वांत भक्कम.

सकाळी नाश्त्याला टेस कुरणांबद्दल काहीतरी बोलत होती. कुठली गुरं कुठे हलवली वगैरे. परक्या माणसांसमोर कामाचं बोलू नये हे मी तिला शंभरदा सांगितलं आहे, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग ती सुट्टीवाल्यांची रांग घेऊन वरच्या कुरणातून खिंडीकडे गेली. परतीला ती नेहमी पलीकडच्या रस्त्याने येते. लिओ आणि एल्रॉय सकाळीच जिल्ह्याच्या जत्रेला गेले. एल्रॉयच्या मुलीचं वासरू स्पर्धेत आहे. गुरुवारी येतील.

दुपारी मी माझ्या क्लोव्हरवर खोगीर टाकलं आणि एकटीच वर गेले. आणि काय बघते! वरचं कुरण आणि ओढ्याचं कुरण यांच्यामधलं फाटक सताड उघडं. पार कुंपणाला टेकवलेलं, आणि वर त्याला हा एवढा दगड लावलेला, म्हणजे फोटो काढताना मधे यायला नको! सकाळची रांग तिथूनच गेली होती, आणि शेवटी कोण असतं हे सांगायला नको. रँचवरचा नियम आहे, फाटकाची जबाबदारी रांगेतल्या शेवटच्या माणसाची.

मी उतरले. दगड लोटला. फाटक ओढून आणलं आणि साखळी लावली, दोन वेढे, आकडा आतून. खाली येताना इतकं बरं वाटलं! या घरात नीट काम करणारं अजून कुणीतरी आहे.

कुणाला बोलले नाही. सप्टेंबरसाठी राखून ठेवते.

९ ऑगस्ट, बुधवार

सदतीस अंश. काही घडलं नाही.

१० ऑगस्ट, गुरुवार

दमले आहे, तरी लिहिलं पाहिजे.

नाश्त्याला प्रूइट ताटाला हात न लावता बसला होता. मला म्हणाला, "मिस कॉरिगन, वरच्या बाजूची गुरं काल दुपारपासून ओरडताहेत. आज त्यांचा सूर चढलाय."

"गुरं ओरडतातच, मिस्टर प्रूइट. त्यांना दुसरा धंदा नाही."

"हो, पण एकतीस नंबर आता ओरडत नाहीये."

तो उठून टेसकडे गेला. टेसचा चेहरा बघता बघता उतरला. दोघं तशीच घोड्यांवर वर गेली. डीकनला पळताना मी आठ वर्षांत पहिल्यांदा बघितलं.

वरच्या कुरणात चारा आहे, पाणी नाही. गुरांनी वर चरायचं आणि मधल्या फाटकातून खाली ओढ्यावर येऊन पाणी प्यायचं, म्हणून टेसने सोमवारी ते फाटक उघडं टाकलं होतं. ते बंद झालेलं. जवळजवळ दोन दिवस. साठ गाई, साठ वासरं, सगळी फाटकाशी दाटलेली, जिभा बाहेर. खाली ओढा त्यांना दिसत होता.

फाटक नुसतं उघडून चालत नाही. तहानलेलं जनावर एकदम पोटभर प्यालं तर तिथेच मरतं. टेसने निरोप पाठवला आणि दहा दहा गुरं थोडी थोडी पाजून बाजूला काढत आम्ही दिवसभर उन्हात उभे होतो. सुट्टीची आठही माणसं होती. योगासनवाल्यांच्या जातीची, पण उभी राहिली. फाटक धरायला प्रूइट होता. साखळी हातात घेऊन तो तिच्याकडे बघत राहिला होता. मी ओरडले, "बघताय काय? सोडा पुढची दहा!"

लिओ आणि एल्रॉय जत्रेच्या कपड्यांतच येऊन कामाला लागले.

एक गेली. एकतीस. तिचं वासरू तिच्या अंगाशी उभं होतं आणि तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होतं.

११ ऑगस्ट, शुक्रवार

संध्याकाळच्या जेवणाला सर्वांसमोर मी विचारलं. मागून कुजबुजणाऱ्यांतली मी नाही.

"मंगळवारी फाटकातून शेवटी कोण गेलं?"

प्रूइटने काटा खाली ठेवला. "मी."

"ते उघडं सापडलं होतं?"

"हो."

"मग बंद कुणी केलं?"

टेस मधेच म्हणाली, "आत्या, पुरे."

"का पुरे? माझी गाय मेली आहे!"

"आत्या, साखळीला दोन वेढे होते," टेस माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आणि आकडा आतून होता."

लिओ ताटात बघू लागला. एल्रॉय घोड्यांना बघून येतो म्हणून उठून गेला. घोड्यांना काही झालं नव्हतं.

"बघा!" मी म्हणाले. "म्हणजे धड्यातलं एवढं नेमकं लक्षात राहिलं, आणि जे सांगितलं होतं ते विसरले! वेढे घालता आले म्हणून घालून टाकले, होय ना, मिस्टर प्रूइट?"

टेसने तोंड उघडलं. प्रूइटने तिच्याकडे बघून मान जराशी हलवली. मग माझ्याकडे वळला. आधी माझ्या हातांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"माझ्याच हातून झालं असणार," तो म्हणाला. "मला फार वाईट वाटतं, मिस कॉरिगन. तुम्ही तिला चुलीपाशी वाढवली होती."

कबुली मिळाली. आठ साक्षीदारांसमोर. जेवण मात्र मला गेलं नाही. उन्हाचा परिणाम.

१२ ऑगस्ट, शनिवार

गेला. गाडीत बसण्याआधी मला म्हणाला, "पियानोची मधली एक पट्टी पुन्हा उतरेल. तार जुनी आहे. पुढच्या वर्षी ताणावी लागेल."

"पुढच्या वर्षी तुम्हाला इथे कोण येऊ देणार आहे?"

"तेही खरंच," म्हणाला आणि टोपी काढली. डीकन कुंपणापाशी येऊन मूर्खासारखा गाडीकडे बघत उभा होता.

२७ ऑगस्ट, रविवार

एकतीसचं वासरू बाटलीने दूध घेत नाही. एल्रॉय म्हणाला, "नोराबाई, तुम्ही घेऊन बघा." माझ्या हातून घेतलं.

टेस माझ्याशी नीट बोलते, जरा जास्तच नीट. आजारी माणसाशी बोलावं तशी. सप्टेंबरच्या निकालाला घाबरली असेल. घाबरावंच. एक मेलेली गाय आणि एक कबुली, यापुढे तिच्या जाहिरातीचं काय चालणार?

लिओने आज विचारलं, "नोरा, तुला आठवतं, बाबा साखळी कशी लावायचे?"

"आठवतं म्हणजे? मी अजून तशीच लावते."

"हो," लिओ म्हणाला. मग टोपी घालून गेला. पंच्याहत्तरी ओलांडली की माणसं अशीच मधेच सोडून देतात.

९ सप्टेंबर, शनिवार

उद्या बैठक. सकाळपासून वही घेऊन बसले. उद्या वाचायचं ते एका स्वच्छ कागदावर क्रमाने उतरवायचं होतं. तारीख, घटना, दोषी.

योगासनं. कपकेक. ओलं पोतं. हसू येत होतं, सावरून बसले. ८ ऑगस्टपाशी आले.

तीनदा वाचलं. अक्षर माझंच आहे. शाई माझीच आहे. 'खाली येताना इतकं बरं वाटलं!'

गेला महिनाभर हे माझ्या मेजाच्या खणात होतं. मी त्याच्यावर नवीन पानं लिहीत होते. आणि दोन वेढे, आकडा आतून, हे टेसने माझ्या तोंडावर सांगितलं तेव्हा मला काय वाटलं, तर एक तरी विद्यार्थी हुशार निघाला!

लबाडी केली असती तर फादरपुढे जाऊन सांगता आली असती. मला हे दिसलंच नव्हतं. याला काय म्हणतात ते सिस्टरांनी शिकवलं नाही, किंवा शिकवलं असेल तेव्हा मी वहीला जपत बसले होते.

ते पान मी धरलं. हे लपवून काय उपयोग? धरलं. फाडायला फार जोर लागला नसता. मग सवयीने शिवणीतून त्याचं जोडीचं पान शोधलं. १८ जून निघालं. फाटकाचा धडा. 'शहाणपण करायचं नाही.'

वही बंद केली आणि वासराला दूध पाजायला गेले. एकतीसचं वासरू. मी आलेली बघून ते धावत आलं. त्याला कुणीच काही सांगितलेलं नाही.

१० सप्टेंबर, रविवार

स्वच्छ कागद मी केलाच नाही. वहीच घेऊन बसले.

"तू काहीतरी वाचणार होतीस ना?" टेस म्हणाली. तिने तिचे कागद टेबलावर उपडे ठेवले होते. तिने नखं कुरतडलेली होती, हे मला आज दिसलं.

मी पहिल्यापासून वाचलं. एकही ओळ गाळली नाही. डीकनच्या पोस्टाच्या पेटीला लिओ हसला. स्तोत्र आणि आणखी चार, इथे टेसने खिडकीकडे तोंड फिरवलं. मग ८ ऑगस्ट आला. दगडापासून 'सप्टेंबरसाठी राखून ठेवते'पर्यंत सगळं वाचलं. आवाज खणखणीत ठेवला. कॉन्व्हेंटची आहे मी.

कुणी दचकलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

लिओ म्हणाला, "अगं, या खोऱ्यात तशी साखळी दोनच माणसं लावायची. त्यांतले बाबा जाऊन तीस वर्षं झाली."

"आणि मला बोलला नाहीत? महिनाभर? मी त्या माणसाला आठ जणांसमोर—"

"मी बोलणारच होते," टेस म्हणाली. "त्यानेच मला गप्प केलं. दुसऱ्या दिवशी गाडीकडे जाताना म्हणाला, 'त्यांचं त्यांना कळू दे. नाही कळलं तरी चालेल.'"

"आणि तू ऐकलंस?"

"आत्या, मी सांगितलं असतं तर तू आज माझ्या बाजूने मत दिलं असतंस, लाजेने. मला तसं नको होतं."

मला फार राग आला. अजूनही आहे. माणसाच्या पाठीमागे त्याच्याशी इतकं चांगलं वागणं हा एक प्रकारचा उद्धटपणाच आहे.

"एल्रॉयलाही माहीत आहे?"

"एल्रॉयने तर साखळी बघितल्या बघितल्या छातीवर क्रुसाची खूण केली," लिओ म्हणाला. "आणि तो तर आपल्या चर्चचाही नाही."

मग मताची वेळ आली. लिओ म्हणाला, "नोरा जिकडे, तिकडे मी."

मी सांगितलं, "सुट्टीची माणसं मूर्खच आहेत, हे माझं मत कायम आहे. पण माझ्याकडे पुरावा एकच भक्कम होता, आणि तो त्यांच्या बाजूचा निघाला. त्या दिवशी ती माणसं नसती तर मी सगळी साठ मारली असती. येऊ देत त्यांना. वरचं कुरण विकायचं नाही."

टेसने तिचे कागद सुलटे केलेच नाहीत. ते तसेच गोळा करत म्हणाली, "आणि फाटकाचा धडा? तुला नको असेल तर मी..."

"तो मीच देणार. आता मला त्यातलं जास्त कळतं."

२४ सप्टेंबर, रविवार

ओहायोला पत्र गेलं होतं. चार ओळींना तीन कच्चे कागद लागले. 'मिस्टर प्रूइट, ११ ऑगस्टची तुमची कबुली खोटी असल्यामुळे मी ती रद्द करते आहे. फाटक मी लावलं. एकतीस माझ्यामुळे मेली. मी तुमची क्षमा मागते. ऑनोरा कॉरिगन.' शेवटचं वाक्य तिसऱ्या कागदावरच उतरलं.

काल उत्तर आलं. पोस्टकार्ड. पोस्टमास्तरणीने वाचलेलं असणारच.

'प्रिय मिस कॉरिगन, नियम तुम्हीच शिकवला होतात. सापडलं तसं ठेवायचं, ज्याने ठेवलं त्याला काहीतरी कारण असतं. जुलैतल्या दोन आठवड्यांसाठी टेसकडे नाव नोंदवलं आहे. डीकनला माझा नमस्कार सांगा. पट्टी उतरली का?'

पुढच्या वर्षी त्याला कोण येऊ देणार, हे विचारायचं आता राहून गेलं.

उतरली आहे. स्तोत्रात प्रत्येक ओळीत एकदा बोचते. टेस म्हणाली, गावात एक जण पियानो जुळवतो, बोलावू का? मी म्हटलं, काही गरज नाही. जुलैपर्यंत राहू दे तशीच.

१ ऑक्टोबर, रविवार

क्लोव्हरवरून वर गेले. ऑगस्टनंतर पहिल्यांदा.

फाटक सताड उघडं होतं. कुंपणाला टेकवलेलं, दगड लावून. गुरं वरच्या अंगाला पांगून चरत होती, ओढ्यात पाणी बरं होतं. पंचवीस-तीस गुरं खाली उतरत होती, तेवढीच वर चढत होती. फाटक ते काय करणार, बाजूला उभं होतं.

पण ते नुसतं उघडं बघून माझे हात शिवशिवायला लागले. दगडसुद्धा वेडावाकडा लावलेला होता. निदान तो सरळ करावा म्हणून एक पाय रिकिबीतून काढला.

परत घातला. क्लोव्हरला टाच दिली आणि पलीकडे गेले.

पन्नास पावलांवरून मागे वळून बघितलं. शंभर पावलांवरून पुन्हा एकदा. उघडंच होतं.